मामांच्या कागदावर सही करू का?

पत्र

ताई, मी औसा तालुक्यातला, वय ३२. सहा वर्षांपासून एका विमान कंपनीत को-पायलट आहे, एअरबस ३२० वर. माझे सख्खे मामा त्याच कंपनीत कॅप्टन आहेत, मोठ्या विमानावर, परदेशी फेऱ्यांना. शाळेत असताना त्यांनी मला चिकलठाण्याच्या विमानतळावर नेऊन पहिलं विमान दाखवलं, त्यांच्यामुळेच मी या लाइनीत आलो. फेब्रुवारीत त्यांना ६५ पूर्ण होतात, म्हणजे उडणं बंद. त्यांनी आणि आणखी दहा-बारा सीनियर कॅप्टननी वयाची अट ६७ करावी म्हणून डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याला, द्यायचा कागद तयार केलाय. त्यावर एक तरी तरुण सही पाहिजे म्हणतात, ती माझी. इकडे आमच्या संघटनेचा उलटा कागद फिरतोय: ६५ च्या वर नको, सुरक्षेला धोका आहे. सेक्रेटरी म्हणतात, सही न करणारा मॅनेजमेंटचा माणूस. मला पाच वर्षांत कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, मिळेल असं सांगितलं होतं, अजून नंबर लागलेला नाही. ट्रेनिंगसाठी वडिलांनी गहाण टाकलेलं चार एकर रान अजून सुटलं नाही. आई म्हणते, "मामाच्या विरोधात सही करायलास का रे?" बायको म्हणते, दोन्हीकडे करू नका. काय करू?
— एक भाचा

उत्तर

लेकरा,

तुझ्या बायकोचा सल्ला सगळ्यात सोपा आहे, म्हणून आधी तोच बाजूला काढते. कुठेच सही केली नाही की दोन्हीकडचे खूश राहतील, असं तिला वाटतं. कामगारांच्या भांडणात असं कधी होत नाही. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप लागला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तुला आठवत असेल. राज्य सरकारात विलीनीकरण करा, ही मागणी. माझा एक चुलतभाऊ परभणीकडे कंडक्टर. तो मंडपातही बसला नाही आणि ड्यूटीवरही गेला नाही. गुडघ्याचं दुखणं काढून घरी थांबला. संपवाले म्हणाले हा फुटला, साहेब म्हणाले हा संपातलाच. पुढे सगळे कामावर परतले. जे पहिल्या महिन्यात गेले तेही, जे शेवटच्या दिवशी गेले तेही, आणि आता सगळे एका बाकावर बसून डबा खातात. पण याच्या मुलीच्या हळदीला डेपोतून दोन माणसं आली. त्यातला एक निवृत्त झालेला होता.

तेव्हा सही कुठेतरी करावी लागेल. कुठे, ते शेवटी सांगते. त्याआधी या दोन कागदांमध्ये खरं काय लिहिलंय ते बघू. मी तीस वर्षं इथे कामगार न्यायालयात वकिली केली. माणसं कागदावर एक कारण लिहितात आणि पोटात दुसरं ठेवतात, हे रोज पाहिलंय. तुमच्या धंद्यातलं मला पक्षकारांनी शिकवलं तेवढं आणि पुढे वाचून घेतलं तेवढंच कळतं. चुकले तर दुरुस्त कर.

पहिली गोष्ट, ६५ हा आकडा तुमच्या कंपनीचा नाही, आणि एकट्या डीजीसीएचाही नाही. तो मॉन्ट्रियलच्या आयकाओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेचा आहे. २००६ च्या नोव्हेंबरपर्यंत तिथे ६० होतं. मग ६५ झालं, पण साठीच्या वरच्या कॅप्टनशेजारी साठीच्या आतला पायलट हवा, ही अट ठेवली. ती २०१४ मध्ये काढली. २०२५ मध्ये जगभरच्या विमान कंपन्यांच्या आयाटाने तिथे ६७ चा प्रस्ताव नेला, तो मंजूर झाला नाही. त्याआधी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २०२३ मध्ये ६७ ला हो म्हटलं होतं, पण २०२४ चा कायदा झाला तेव्हा ६५ च राहिलं. जपान आपल्या पायलटांना ६७ पर्यंत उडू देतो, तेव्हा गोष्ट अशक्य आहे असंही नाही. पण दहा-बारा कॅप्टन आणि एक भाचा यांच्या सह्यांनी ती फेब्रुवारीच्या आत होणार नाही, हे मामांनाही ठाऊक असणार. एअरफोर्समधून आलेला माणूस असेल तर नक्कीच. तिथे फाइल किती दिवस फिरते हे त्यांनी पाहिलंय.

म्हणजे तुझ्या सहीने मामांचं उडणं एक दिवसही वाढणार नाही. मग ती मागतात कशाला? या प्रश्नावर मी पुढे येते, कारण मला वाटतं तोच तुझा खरा प्रश्न आहे.

आधी सुरक्षेचं. दोन्ही कागद सुरक्षेवरच उभे असणार. मामांच्या कागदात "अनुभव", संघटनेच्या कागदात "धोका". हा शब्द या वादात पहिल्यापासून भाड्याने फिरतोय. १९५९ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी तिथल्या विमान प्राधिकरणाचे प्रमुख क्वेसाडा यांना पत्र लिहून साठीची अट मागितली. तेव्हा जेट विमानं नवी येत होती, म्हाताऱ्या कॅप्टनना ती शिकवायला वेळ आणि पैसा जास्त लागत होता, आणि त्यांना घरी बसवायला लवाद परवानगी देत नव्हते. अट आली, १९६० पासून लागू झाली, कारण लिहिलं गेलं सुरक्षा. क्वेसाडा पुढे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. तिथल्या पायलटांची संघटना, आल्पा, तेव्हा कडाडून विरोधात होती, कोर्टातही गेली. वीस वर्षांनी तीच संघटना साठीच्या अटीची राखणदार झाली, कारण एव्हाना खालची पोरं वर सरकायची वाट बघत होती आणि साठीला चांगलं पेन्शन मिळत होतं. मग २००० नंतर कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, युनायटेडसारख्या कंपनीचं पेन्शन २००५ मध्ये बुडीत निघालं, आणि साठीचे कॅप्टन म्हणाले, आम्हाला पाच वर्षं आणखी द्या. २००७ मध्ये संघटनेने पुन्हा बाजू बदलली, डिसेंबरात ६५ चा कायदा झाला. आणि ६७ ची गोष्ट निघाली तेव्हा तीच संघटना विरोधात उभी राहिली. सुरक्षेचं कारण कधीच बदललं नाही, बाजू तेवढ्या बदलत गेल्या.

मी कुणाला खोटं पाडत नाही. रांगेत उभं राहणाऱ्याला रांग हवी असते, पुढे उभ्या असलेल्याला खिडकी बंद होऊ नये असं वाटतं. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा ट्रॅक्टर लावून रात्र काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण "म्हातारा पायलट म्हणजे धोका" हे वाक्य मला खटकतं. चिकलठाण्याचा विषय तू काढलास म्हणून सांगते. आमच्या वयाच्या लोकांना बीड रोडवरून धावपट्टीचं टोक दिसलं की २६ एप्रिल १९९३ आठवतो. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उडताना रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. चौकशीत दोष निघाला तो विमानाचं नाक उशिरा उचलण्याचा, आणि विमानाच्या वेळेला रस्ता न अडवण्याचा. वयाचा प्रश्नच नव्हता. साठीनंतर दर सहा महिन्यांनी मेडिकल होतं, सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधली, परीक्षा तर सगळ्यांनाच असते, आणि शेजारी तुझ्यासारखा बसलेला असतो. ६५ आणि ६७ मध्ये नक्की कुठे धोक्याची रेघ येते हे संघटनेच्या सेक्रेटरींना विचार. ते रांगेचंच उत्तर देतील, आणि ते उत्तर लाजण्यासारखं नाही.

कारण रांग खरी आहे. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलास, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: मामा मोठ्या विमानावर, परदेशी फेऱ्यांना. उद्या भारताने एकट्याने ६७ केलं तरी बाहेरच्या देशांच्या आकाशात ६५ च चालणार. म्हणजे मामांना लंडन नाही, दुबईही नाही. उरल्या देशातल्या फेऱ्या, त्या उडतात कशावर? तुझ्या ३२० वर. तेव्हा मामांना दोन वर्षं आणखी उडायचं तर त्यांना पुन्हा ३२० चं ट्रेनिंग घेऊन खाली यावं लागेल, थेट तुझ्याच रांगेच्या तोंडाशी. त्यांच्यासारखे बारा आले की बारा को-पायलटांची कमांड पुढे ढकलली. अमेरिकेतल्या संघटनेने २०२३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, आणि त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत मला हाच पटला. मामांना हे सुचलेलं नसेल असं नाही. पण भाच्याच्या ताटातली भाकरी आपण घेतोय, असं ते स्वतःशी म्हणत नसणार. कुणीच म्हणत नाही.

आता कंपनीकडे वळू, कारण दोन्ही कागदांत ती कुठेच नाही, आणि मजा सगळी तिथे आहे.

तुमच्या विश्रांतीचे नवे नियम आले. आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून सलग ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या म्हणून ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये लागू झाले. डिसेंबरात विमानतळांवर बॅगांवर डोकं टेकून झोपलेली माणसं सगळ्या देशाने पाहिली. पायलट कमी पडले. अशा वेळी कंपनीपुढे दोन रस्ते असतात. एक, तुझ्यासारख्यांना कमांडचं ट्रेनिंग द्यायचं, त्यासाठी सिम्युलेटरचे तास, इन्स्ट्रक्टर, मग लाइनवरचं प्रशिक्षण, आणि तुझ्या जागी नवा पोरगा घेऊन त्यालाही शिकवायचं. दुसरा, तयार कॅप्टनला दोन वर्षं थांबवायचं. पहिल्या रस्त्यात खर्च आधी होतो, दुसऱ्यात फक्त पगार चालू राहतो. आयाटा ६७ मागायला का गेली असेल, याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

याची एक गोष्ट मी जवळून पाहिलीय. इथल्या एमआयडीसीतला एक कारखाना, नाव नको. एक टर्नर ५८ ला निवृत्त झाला. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी अंगठ्याने जॉब चाचपून सांगायचा, दोन शतांश जास्त आहे, आणि तेवढाच निघायचा. निरोपाच्या नारळ-शालीनंतर आठव्या दिवशी कंपनीने त्याला करारावर परत बोलावलं, एक-एक वर्षाच्या. पगार जवळपास तोच. युनियनने आधी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी वेतनकरार आला, ओव्हरटाइमवर भांडण झालं, आणि गेटवर सगळे असताना हा आत लेथवर उभा. मी त्याला विचारलं, मामा, तुम्ही तर जुने युनियनवाले. तो हात पुसत म्हणाला, "ताई, माझा कागद मार्चला संपतो." एवढंच. लेथ बंद केली नव्हती त्याने, बोलतानाही.

तुमच्याकडेही बऱ्याच ठिकाणी साठीनंतर करारावरच ठेवतात. करारावरचा कॅप्टन रोस्टरबद्दल, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्याबद्दल, बोलत नाही, थकलो म्हणून फ्लाइट नाकारत नाही, संघटनेच्या बैठकीला आला तरी मागे बसतो. पगारात तो स्वस्त नसेल, पण गप्प बसतो, आणि त्याची किंमत रोस्टरवर बाकीचे सगळे भरतात. संघटनेने कागदात लिहायला हवं होतं ते हे. त्याऐवजी त्यांनी म्हाताऱ्यांचे गुडघे आणि डोळे काढले.

सेक्रेटरींच्या "मॅनेजमेंटचा माणूस" या धमकीबद्दल मात्र मला राग आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. पायलटांच्या संघटना दोन राहिल्या. ड्रीमलायनर हे नवं विमान आलं तेव्हा त्याचं ट्रेनिंग कुणाला, यावर २०१२ मध्ये एका बाजूचे पायलट ५८ दिवस संपावर गेले. एकाच कंपनीचे पायलट एकमेकांच्या विरोधात, आणि नोकरीवरून निघाले ते पायलटच. शेवटी कोर्टाच्या सांगण्यावरून संप मिटला. संघटनेत फूट पडते ती न सही करणाऱ्या पोरांमुळे कमी आणि अशा शिक्क्यांमुळे जास्त. पण सेक्रेटरी उर्मट आहे म्हणून संघटना सोडायची नसते. तुमची ती ४८ तासांची विश्रांती संघटनांनीच आणली. कॅप्टनला वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्या नोटिशीविरुद्ध उद्या कुणी बोलणार असेल तर संघटनाच बोलणार. मामा बोलणार नाहीत, त्यांचा कागद संपत आलाय.

आता मामा.

तू त्यांना विचारलंस का, दोन वर्षं कशासाठी हवीत? तुझ्या पत्रात कुठेही नाही. आपल्याकडे घरोघरी पंचाहत्तरीचा बाप सातबारा पोराच्या नावावर करून देत नाही आणि पन्नाशीचं पोर खताच्या पैशासाठी हात पसरतं. बाहेरच्याला वाटतं म्हातारा लोभी आहे. जवळ जाऊन बसलं की कळतं, कागद गेला की आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती असते. कधी मात्र खरंच कर्ज असतं, आणि ते कुणाला सांगितलेलं नसतं. मामांची आधी एखादी कंपनी बुडाली असेल, पगार थकला असेल, कोविडमध्ये तास कापले गेले असतील, मुलीच्या परदेशी शिक्षणाचा हप्ता असेल. मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. भाच्याची सही त्यांना हवी आहे ती डीजीसीएला दाखवायला, असं मला वाटत नाही. आपल्या हाताने घडवलेल्या एका पायलटाने तरी म्हणावं की तुम्ही अजून चालता, एवढंच असावं. असं तोंडाने मागता येत नाही म्हणून माणूस कागद पुढे करतो.

तर माझं म्हणणं असं. मामांच्या कागदावर सही करू नकोस. संघटनेच्या कागदावर कर, पण आत्ता जसा आहे तशावर नको. सेक्रेटरींना लिहून दे की "सुरक्षेला धोका" हे वाक्य काढा आणि त्या जागी तीन साध्या गोष्टी लिहा: ठरलेल्या तासांनंतर को-पायलटला ठरलेल्या मुदतीत कमांडची संधी, साठीनंतर वर्षा-वर्षाच्या करारावर ठेवणं बंद, आणि ६५ नंतर उडणं थांबलेल्या कॅप्टनना सिम्युलेटर इन्स्ट्रक्टरच्या जागांवर पहिला हक्क. तिसरी मागणी मामांसाठी आहे असं म्हणतील. म्हणू देत. तेहतीस वर्षांनी तुझ्यासाठीही असेल. आणि तुमच्या कमांडचं ट्रेनिंग देणारी माणसं कमी आहेत म्हणून जर तुमची रांग अडली असेल, तर ती मागणी आत्ताही तुझ्याच कामाची आहे.

लेखी दे, तोंडी नको, आणि एक प्रत स्वतःकडे ठेव. जोडीला चार-पाच को-पायलट घे. एकट्याचं पत्र टोपलीत जातं.

हे करायच्या आधी सुट्टी टाकून मामांकडे जा. फोनवर नको, आणि आईला मध्ये घालून तर मुळीच नको. बहीण-भावामध्ये हा कागद गेला की तो पुढे दर राखीपौर्णिमेला निघेल. संघटनेचा कागद सोबत ने, त्यांच्यासमोर ठेव आणि सांग, यातलं हे वाक्य मी काढायला लावणार आहे आणि मग सही करणार आहे. तुमच्या कागदावर करणार नाही, कारण तुम्ही ३२० वर आलात की माझा नंबर जातो. असंच सांग, गोल-गोल नको. चिडतील. एअरफोर्सवाले असोत वा नसोत, तीस-चाळीस वर्षं कॉकपिटच्या डाव्या खुर्चीत बसलेला माणूस उजव्या खुर्चीतल्याचं ऐकून घ्यायला शिकलेला असतो, निदान खुर्चीत असेपर्यंत. मग विचार, दोन वर्षं कशासाठी. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस.

पैशाची अडचण निघाली तर ती वेगळी सोडवता येते. त्यासाठी वयाची अट बदलायला लागत नाही.

आईला एवढंच सांग की मामांना विचारून सही करतोय. खोटं नाही ते.

राहिलं चार एकर. कमांड आली की ते सुटेल, हा हिशेब तू मांडलेला दिसतोस. कमांडची तारीख तुझ्या हातात नाही, हप्त्याची आहे. व्याजदर एकदा बँकेत जाऊन बघ. को-पायलटच्या पगारावर दुसरी बँक कर्ज कमी व्याजाने घ्यायला तयार होते का, हे विचारायला सही लागत नाही.

सेक्रेटरींनी ते वाक्य काढायला नकार दिला, तर पुन्हा लिही. मग माझं उत्तर वेगळं असेल.